विक्रीची उमेदवारी

शेतकऱ्याच्या मुलास पेरणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. बापाच्या मागे चालता चालता ती त्यास येते. पुढे तो कॉलेजात जातो व खतांच्या मात्रा आणि किडींची नावे शिकून येतो. परंतु पिकलेला माल कोणास, केव्हा व कोणत्या अटींवर विकावा, ही विद्या त्यास बहुधा कोणीच देत नाही. बापाजवळ ती असतेच असे नाही, आणि कॉलेजात असली तरी ती पुस्तकात असते. परिणाम असा होतो की, वर्षभराच्या मेहनतीचा निकाल ज्या सकाळी बाजार समितीच्या आवारात लागतो, त्या सकाळी घरातील सर्वांत शिकलेला माणूस केवळ बघ्या म्हणून उभा असतो. ही उणीव कशी भरून काढता येईल, याचा विचार सभासद बंधूंपुढे मांडावा, असे आम्हांस वाटते.

हल्ली ज्यास ‘इंटर्नशिप’ म्हणतात, ती वस्तू आपणांस अगदीच नवी नाही. आपल्याकडे तिला उमेदवारी म्हणत. आडत दुकानात मुनिमाच्या व कचेरीत जुन्या कारकुनाच्या हाताखाली मुले उमेदवारी करीत. महसूल खात्यात असताना आम्हीही दप्तर हाताळण्यास शिकलो ते नियमांच्या पुस्तकापेक्षा वडीलधाऱ्या कारकुनांच्या शेजारी बसूनच. जर्मनीसारख्या उद्योगप्रधान देशात तर धंदा शिकणारा मुलगा आठवड्याचे काही दिवस कारखान्यात किंवा पेढीत व उरलेले शाळेत घालवितो, आणि ही व्यवस्था तेथे कायद्याने बांधलेली आहे.

आपल्याकडे अशी सोय मुळीच नाही असे नव्हे. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. तेथील व त्यास संलग्न कॉलेजांतील कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांस अखेरच्या वर्षी ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ घ्यावा लागतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने पाचव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींवरून जो आराखडा घालून दिला, त्यात या कामास एकंदर २० आठवडे ठेवले होते. त्यांपैकी ८ आठवडे गावात शेतकऱ्याच्या सान्निध्यात आणि ३ आठवडे शेतीवर आधारलेल्या उद्योगात काढावयाचे. इतर शाखांच्या कॉलेजांसाठीही राज्य सरकारने २०२३ साली पदवीचा नवा आराखडा ठरविताना प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणास श्रेयांक दिले आहेत. म्हणजे दार उघडे आहे. प्रश्न आत जाऊन काय करावयाचे, हा आहे.

येथेच खरी अडचण आहे. कृषी कॉलेजचा विद्यार्थी गावी येतो तो बहुधा पावसाळ्यात, म्हणजे सोयाबीन शेतात उभे असता. आपल्या जिल्ह्यातील हळद जानेवारीपासून निघू लागते, आणि शिजवून, वाळवून, ढोलात घालून चमक दिल्यावर उन्हाळ्यात बाजारात येते. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात व वसमतला जेव्हा हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात, तेव्हा विद्यार्थी परीक्षेत किंवा सुटीत असतो. ज्या मालावर वसमत, औंढा नागनाथ, कळमनुरी या भागांतील हजारो घरांची वर्षाची बेगमी अवलंबून आहे, त्या मालाची विक्री त्याने कार्यानुभवात पाहिलेलीच नसते. सबब आमची पहिली सूचना अशी की, उमेदवारीचा काळ कॉलेजच्या वेळापत्रकावरून न ठरविता मालाच्या आवकेवरून ठरवावा. सोयाबीनसाठी दिवाळीच्या आगेमागे तीन आठवडे व हळदीसाठी उन्हाळ्याच्या सुटीत एक महिना, एवढे पुरे आहे.

या काळात त्याने काय शिकावे, हे दोन हिशेबांवरून ध्यानात येईल.

पहिला हिशेब ओलाव्याचा. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्के केली होती. समजा, माल १६ टक्के ओलाव्याचा आहे. तो १२ टक्क्यांवर वाळविला म्हणजे एक क्विंटलचे सुमारे साडेपंच्याण्णव किलो भरते. ओल्या मालास व्यापारी ४००० रुपये देत असेल, तर वाळल्या मालास किमान ४१९० रुपये मिळाले तरच तोंडमिळवणी होते. वाळवणीची मजुरी वेगळी. हे त्रैराशिक इयत्ता सातवीचे आहे. परंतु खळ्यावर उभे राहून, ओलावामापक यंत्र हाती घेऊन ते करणारा माणूस किती घरांत आहे?

दुसरा हिशेब तारणाचा. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. तीत सोयाबीन, तूर, हळद इत्यादी माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांच्या मुदतीने व ६ टक्के व्याजाने मिळते. ४००० रुपये भावाच्या १० क्विंटल सोयाबीनवर ३०,००० रुपये उचलले, तर सहा महिन्यांचे व्याज ९०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे ९० रुपये होते. भाव त्याहून अधिक वाढेल असे वाटत असेल तरच माल धरावा. पुष्कळ जण ‘भाव वाढेल’ एवढ्याच आशेवर घरात माल ठेवतात, आणि सावकाराचे व्याज व उंदीर-कीड यांचा खर्च हिशेबात धरीत नाहीत.

हळदीत शिकण्यासारखे याहून अधिक आहे. हळकुंड व गड्डे वेगळे का करावे, रंग व वाळण लिलावात कशी पाहतात, कुरकुमीनचे प्रमाण तपासून घेतल्यास कोणता खरेदीदार त्याची किंमत देतो, या गोष्टी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाहीत. वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकन मिळाले म्हणून प्रत्येक पोत्यास आपोआप अधिक भाव मिळत नाही. ते नाव वापरण्यासाठी उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. असा एक अर्ज विद्यार्थ्याने आपल्या हाताने भरला, तर त्या कामाचा उपयोग साऱ्या गावास होईल. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटन झाले व त्याचे मुख्यालय निझामाबाद येथे आहे. तेथील व सांगलीचे भाव रोज आपल्या भावाशेजारी मांडणे, हेही उमेदवाराचेच काम समजावे.

आता आक्षेपांकडे वळू. व्यापारी म्हणतात, आमच्या वह्या परक्या मुलास का दाखवाव्या ? त्यांची भीती निराधार नाही. म्हणून उमेदवारास खासगी वह्या न दाखविता आवक, लिलाव, तोल व हिशेबपट्टी एवढेच दाखवावे. शिकण्यास तेवढे विपुल आहे. दुसरा आक्षेप पालकांचा : फुकट राबून काय मिळणार ? हा आक्षेप आम्हांस न्याय्य वाटतो. ज्याच्या बापाजवळ दोन एकर कोरडवाहू आहे, त्यास महिनाभर वसमतला राहणे परवडत नाही. जाण्यायेण्याचा व जेवणाचा खर्च तरी काम घेणाऱ्याने द्यावा. नाहीतर ही विद्याही सधन घरांपुरतीच राहील. तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. पुष्कळ ठिकाणी उमेदवारी म्हणजे शेवटच्या दिवशी शिक्का मारून घेतलेला दाखला, एवढाच अर्थ उरतो. असा दाखला देणारा मुलावर उपकार करीत नाही, त्याचे नुकसान करतो.

मुलींविषयी एक शब्द. कृषी कॉलेजांत आज मुलीही शिकत आहेत. बाजाराच्या आवारात मात्र त्या क्वचितच दिसतात. घरचा हिशेब पुष्कळदा त्याच नेटका ठेवतात. त्यांस लिलावापासून दूर ठेवण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही.

सभासदांस आमची विनंती तीन गोष्टींची आहे. एक, ज्यांची मुले कॉलेजात आहेत त्यांनी येत्या हंगामात निदान एका खेपेची विक्री मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्यावी, आणि हिशेबपट्टी त्याच्याकडून वाचून घ्यावी. दोन, शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी एक-दोन उमेदवार खर्च देऊन घ्यावे, व त्यांच्याकडून रोजची भाव-नोंदवही ठेववून घ्यावी. तीन, गावात येणाऱ्या कृषी विद्यार्थ्यांस केवळ शेत दाखवून परत न पाठविता मागील वर्षाची आपली विक्रीची पट्टीही दाखवावी. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रानेही या कामी मार्गदर्शन करावे, अशी आमची प्रार्थना आहे.

पिकविणे आपल्या हाती आहे. भाव आपल्या हाती नाही, हे खरे. परंतु तोल, ओलावा, प्रतवारी, वेळ आणि व्याज या पाच गोष्टी बऱ्याच अंशी आपल्या हाती आहेत. त्या सांभाळणारा एक तरी जाणता माणूस प्रत्येक घरी असावा, आणि तो कॉलेजच्या वयातच तयार व्हावा. नोकरी मिळाली तर ही विद्या वाया जाणार नाही. न मिळाली तर हीच त्याला तारील.