दुबार पेरणी टाळणारी शंभर दाण्यांची परीक्षा

मृगाचा पहिला पाऊस झाला, की शहरात उकाडा संपल्याचा आनंद असतो. मराठवाडा आणि विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्यापुढे मात्र त्याच दिवशी वर्षातील सर्वांत जोखमीचा निर्णय उभा राहतो : पेरायचे, की थांबायचे? कृषी विभागाचा सल्ला दरवर्षी जवळपास एकच असतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय सोयाबीनची पेरणी करू नये.

हा आकडा येतो कोठून? पहिल्या एक-दोन सरींनी काळ्या जमिनीचा केवळ वरचा थर भिजतो. त्या ओलीवर बी फुगते, अंकुर फुटतो. परंतु मुळाला खाली कोरडी माती लागते. पुढे पावसाने ओढ दिली, की रोप करपते आणि दुबार पेरणीची वेळ येते. बियाणे, मजुरी व ट्रॅक्टरचे भाडे दुसऱ्यांदा मोजावे लागते. जुलैचा मध्य उलटून गेल्यास उत्पादनातही घट येते.

२०२५ मध्ये याचा प्रत्यय आला. मॉन्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. मुंबईतील ही आजवरची सर्वांत लवकरची नोंद ठरली. त्यानंतर मात्र त्याची वाटचाल जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळली. मेमधील पावसाला भुलून पेरणीची घाई करू नका, असे आवाहन कृषी विभागाला करावे लागले.

बियाण्याची घरगुती चाचणी

पावसाइतकाच प्रश्न बियाण्याचा असतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये काढणीच्या वेळी झालेल्या पावसाने सोयाबीन भिजले. त्याचा फटका २०२० च्या खरिपात बसला. बियाणे उगवले नसल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण अतिशय पातळ असते. पोती आदळली, थप्पी उंच रचली वा ओलावा राहिला, तरी आतील अंकुराला इजा पोहोचते.

यावरचा उपाय जवळजवळ फुकट आहे. सरसकट शंभर दाणे घ्यायचे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायचे आणि अधूनमधून पाणी शिंपडायचे. सहा-सात दिवसांनी निरोगी कोंब मोजायचे. सत्तर वा अधिक असतील, तर शिफारशीप्रमाणे हेक्टरी साधारण ७५ किलो बियाणे पुरते. थोडे कमी असल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते. फारच कमी असल्यास ते बियाणे पेरू नये, हेच श्रेयस्कर. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्याने सरळ वाणाचे घरचे बियाणे दोन-तीन वर्षे वापरता येते. त्यामुळे ही चाचणी अधिकच मोलाची ठरते.

सल्ला बांधापर्यंत

शिफारशी तयार होतात त्या राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांत. कृषी विज्ञान केंद्रे त्यांची प्रात्यक्षिके घेतात. हवामानावर आधारित कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसृत होतो. २००४ पासून सुरू असलेल्या किसान कॉल सेंटरवर १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीतून उत्तर मिळते. तथापि, गोणपाट उलगडून दाखवणारा माणूस म्हणजे गावोगाव फिरणारा कृषी सहायक. २०२५ मध्ये शासनाने त्याचे पदनाम 'सहायक कृषी अधिकारी' केले. एकाकडे अनेक गावे असतात. अतिवृष्टीचे पंचनामे आणि अनुदान योजनांची कागदपत्रेही त्याच्याच माथी येतात.

सल्ला ठाऊक असूनही शेतकरी घाई का करतो, याचेही उत्तर आहे. शेजाऱ्याची तिफण चालू झालेली असते, भाड्याचा ट्रॅक्टर आज मिळतो, उद्या मिळेलच याची शाश्वती नसते. आलेली ओल हातची जाईल ही भीती तर असतेच. म्हणूनच ही चाचणी मे महिन्यात, हातात वेळ असताना होणे आवश्यक असते.

एवढे करूनही विकतचे बियाणे उगवले नाही, तर पावती, पिशवी, तिच्यावरील लेबल आणि थोडे बियाणे जपून ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. तालुकास्तरीय समिती शेताची पाहणी करून अहवाल देते. पुढील नुकसानभरपाईची लढाई त्याच कागदावर उभी राहते.