घरी बनविलेल्या गाडीचे वायरिंग

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जोडून घरीच छोटी जीप बनविली. २०२१ साली ती देशभर गाजली. अशा गाडीचा पत्रा सर्वांना दिसतो, वायरिंग कोणी पाहत नाही. आग मात्र तिथूनही लागते. म्हणून आमचे सांगणे, आधी कागदावर नकाशा काढा. १२ व्होल्टवर ६० वॅटचा दिवा ५ अँपिअर वीज ओढतो. वायर त्याला पुरेल एवढी जाड घ्या. फ्यूज बॅटरीजवळच बसवा, कारण बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरला संरक्षण नसते.

शेजारच्या साताऱ्यात बालपणी बाबासाहेबांना शाळेत गोणपाटावर वेगळे बसावे लागले. तिथल्या आपल्या मुलामुलींनी ही विद्या जरूर शिकावी. वीज जात विचारीत नाही, जोडणी तेवढी पाहते. जयभीम!