माथ्याच्या अलीकडे थांबलेली चढाई

गिर्यारोहणाच्या इतिहासात ‘शिखर सर केले’ या तीन शब्दांचा अर्थ स्वयंस्पष्ट मानला जातो: पर्वताच्या सर्वांत उंच बिंदूवर माणसाचे पाऊल पडले म्हणजे चढाई पूर्ण झाली, त्यापूर्वी जे काही घडले तो केवळ प्रयत्न. जगातील तिसऱ्या क्रमांकाच्या उंचीचे शिखर असलेल्या कांचनजुंगाची १९५५ सालची पहिली चढाई मात्र या व्याख्येत बसत नाही. जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक त्या वर्षी २५ मे रोजी माथ्याजवळ पोहोचले, पुढे कोणताही अडथळा उरला नसताना माथ्याच्या काही पावले अलीकडे थांबले आणि तेथूनच परतले. तरीही या शिखराचे पहिले आरोहक म्हणून त्यांचीच नोंद झाली आणि तिच्याविषयी कधी गंभीर वाद उपस्थित झाला नाही. असे का घडले हे समजून घ्यायचे, तर त्या दोघांच्या पराक्रमाइतकेच त्या पर्वताचे स्थान आणि त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या लोकांची श्रद्धाही पाहावी लागते.

मराठीत हे नाव पुष्कळदा ‘कांचनगंगा’ असे लिहिले जाते आणि सूर्योदयी सोनेरी होणाऱ्या हिमशिखराला ते शोभूनही दिसते, पण मूळ नावाचा कांचनाशीही संबंध नाही आणि गंगेशीही नाही. तिबेटी भाषेतील ‘खांग’ म्हणजे हिम, ‘छेन’ म्हणजे महान, ‘झो’ म्हणजे खजिना आणि ‘ङा’ म्हणजे पाच. महाहिमाचे पाच खजिने, असा त्या सामासिक शब्दाचा अर्थ. पर्वताची पाच प्रमुख शिखरे म्हणजे हे पाच खजिने असे मानले जाते. त्यांत काय ठेवलेले आहे याची यादी परंपरेगणिक बदलत असली, तरी सोने, धान्य आणि धर्मग्रंथ यांचा उल्लेख बहुतेकदा येतो. सिक्कीममध्ये कांचनजुंगा ही राज्याची रक्षक देवता आहे. लेपचा आणि भुतिया या दोन समाजांच्या पूर्वजांनी बंधुभावाची शपथ घेतली तेव्हा हा पर्वत साक्षीला होता, अशी तेथील धारणा असून त्या शपथेचे स्मरण म्हणून पांग ल्हाबसोल हा सण दरवर्षी साजरा होतो.

भूमापनाच्या इतिहासातही या पर्वताला काही काळ सर्वोच्च मान होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो जगातील सर्वांत उंच पर्वत समजला जात असे. दार्जिलिंगहून त्याचे मोजमाप करताना त्याच्या पलीकडे, पश्चिमेला दूर दिसणाऱ्या आणखी एका शिखराकडे भारतीय सर्वेक्षण खात्याचे लक्ष गेले आणि राधानाथ सिकदार यांच्या गणिताच्या आधारे ते दूरचे शिखर अधिक उंच असल्याचे सिद्ध होऊन १८५६ साली तसे जाहीर झाले. ते शिखर म्हणजे एव्हरेस्ट. आज कांचनजुंगाची उंची ८,५८६ मीटर मानली जाते. एव्हरेस्ट आणि के-२ एवढीच दोन शिखरे त्याहून उंच आहेत.

उंचीच्या क्रमात हा पर्वत तिसरा असला, तरी चढाईच्या दृष्टीने जाणकार त्याला एव्हरेस्टपेक्षा अवघड समजत. आठ हजार मीटरांवरील शिखरांमध्ये तो सर्वांत पूर्वेकडचा असल्यामुळे बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे त्याच्यावर लवकर आदळतात, बर्फ अतोनात साठते आणि तितक्याच प्रमाणात कोसळते. १९०५ साली याकोत-गियार्मो आणि अ‍ॅलेस्टर क्रौली यांची तुकडी नैर्ऋत्येकडील यालुंग हिमनदीच्या बाजूने चढू लागली असता हिमस्खलनात अ‍ॅलेक्सिस पाश हा स्विस अधिकारी आणि तीन हमाल मृत्युमुखी पडले. १९२९ आणि १९३१ मध्ये पाउल बाउअर यांच्या जर्मन तुकड्यांनी सिक्कीमच्या बाजूने, झेमू हिमनदीवरून ईशान्येकडील धार धरली. दुसऱ्या वेळी त्या पुष्कळ वरपर्यंत पोहोचल्या, पण माथा दूरच राहिला. मधल्या १९३० सालच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत चेत्तन हा अनुभवी शेर्पा हिमस्खलनात सापडला. दुसऱ्या महायुद्धानंतर नेपाळची सीमा परकीयांसाठी खुली झाल्यावर यालुंगच्या बाजूकडे पुन्हा लक्ष वळले आणि जॉन केंप यांच्या १९५४ सालच्या पाहणीने, या भीतिदायक भिंतीतून वाट निघण्याची थोडीशी शक्यता आहे, असा निष्कर्ष काढला.

पुढच्या वर्षी निघालेल्या ब्रिटिश मोहिमेचे नेतृत्व चार्ल्स इव्हान्स या शल्यविशारदाकडे होते. १९५३ साली एव्हरेस्टच्या दक्षिण शिखरावर, म्हणजे मुख्य माथ्याच्या सुमारे शंभर मीटर खाली पोहोचून परत फिरण्याचा निर्णय टॉम बूर्डियाँ यांच्यासह घेणारे ते हेच. माथ्याच्या अलीकडून परतणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. मोहिमेचे अधिकृत उद्दिष्टही सावधपणे मांडलेले होते: ‘महापट्टी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, सुमारे ७,२०० मीटर उंचीवरील विस्तीर्ण हिमपठारापर्यंतची वाट तपासणे आणि जमल्यास पुढे जाणे.

सिक्कीमच्या दरबाराला मात्र हा पर्वत चढला जाणेच मान्य नव्हते. मोहीम नेपाळच्या हद्दीतून जाणार असल्यामुळे सिक्कीमची परवानगी घेणे कायद्याने आवश्यक नव्हते आणि मनात आणले असते तर या आक्षेपाकडे दुर्लक्षही करता आले असते, पण इव्हान्स यांनी सिक्कीमकडून आलेल्या विरोधाची दखल घेतली व तडजोड केली: माथ्यापर्यंत वाट आहे याची खात्री पटेल तेथपर्यंतच चढायचे आणि प्रत्यक्ष माथ्याला पाय लावायचा नाही. साम्राज्य नुकतेच आवरते घेतलेल्या देशातील गिर्यारोहकांनी एका छोट्या हिमालयीन राज्याच्या श्रद्धेसाठी मोहिमेचे अंतिम पाऊलच सोडून द्यावे, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने साधी नव्हती. विशेषतः राष्ट्राराष्ट्रांची आठ हजारी शिखरांसाठी उघड चढाओढ सुरू असताना, आणि फ्रेंचांनी मकालूचा माथा त्याच महिन्याच्या १५ तारखेला गाठलेला असताना.

चढाईची पहिली योजना फसली. हिमप्रपात, म्हणजे उतारावरून घसरताना तडे जाऊन प्रचंड ठोकळ्यांत फुटलेला हिमनदीचा भाग, इतका अस्थिर निघाला की केंप यांनी सुचवलेली वाट सोडून द्यावी लागली आणि तळछावणी पाशच्या जुन्या थडग्याजवळ हलवून पश्चिमेकडून फेरा घ्यावा लागला. तेथून महापट्टी, तिच्या वरच्या अंगाला असलेला विळ्याच्या आकाराचा काळा कातळ, आणि त्या विळ्यालगत पश्चिम धारेकडे चढत जाणारा ‘गँगवे’ नावाचा तिरपा हिमउतार असा क्रम ठरला. शेर्पांचे प्रमुख दावा तेनसिंग होते. सामानाच्या ज्या फेऱ्यांवर साऱ्या छावण्या उभ्या राहिल्या, त्या मुख्यतः शेर्पांच्या पाठीवरून झाल्या. पेमी दोर्जे हा तरुण शेर्पा वरच्या छावणीवरील परिश्रमांनंतर आजारी पडला आणि २६ मे रोजी तळछावणीवर त्याचा मृत्यू झाला. शिखराच्या गौरवकथा सांगताना ही नोंद अनेकदा तळटिपेत जाते, ते योग्य नाही.

माथ्यासाठी निवडलेली जोडी ब्रिटिश समाजाच्या दोन टोकांची होती. बँड हा केंब्रिजचा पदवीधर आणि १९५३ च्या एव्हरेस्ट तुकडीतील वयाने सर्वांत लहान सदस्य, तर ब्राउन हा मँचेस्टरच्या गरीब वस्तीत वाढलेला, प्लंबिंगचे काम शिकलेला कामगार, ज्याने वेल्समधील कातळकड्यांवर आपल्या पिढीतील सर्वांत कठीण वाटा उघडल्या होत्या. सुमारे ८,२०० मीटरांवर खोदलेल्या अरुंद पायरीवर, बाहेरची कड अधांतरी राहिलेल्या तंबूत रात्र काढून २५ मे रोजी सकाळी आठनंतर दोघे निघाले. पाठीवर प्राणवायूची उपकरणे होती. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे एक-तृतीयांश उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तितकाच घटतो. नळकांड्यातील वायू बाहेरच्या हवेत मिसळून मुखवट्यातून घेणे हा त्यावरचा उपाय, पण नळकांडे संपण्याची वेळ ठरलेली असल्यामुळे घड्याळ हाही दोरावरचा तिसरा सोबती होतो. गँगवेवरून उजवीकडे वळण्याची जागा चुकली, वेळेपूर्वीच कातळात शिरल्याने परत फिरावे लागले आणि दीडेक तास वाया गेला. दुपारी तीनपर्यंत माथा न आल्यास मागे वळायचे, असे दोघांत ठरले.

धारेवर पोहोचल्यावर समोर कातळाची भिंत आली आणि तिच्यात सुमारे सहा मीटर उंचीची, वरच्या टोकाला किंचित बाहेर झुकलेली उभी भेग होती. ब्राउनने आग्रहाने पुढे होण्याची परवानगी मागितली, प्राणवायूचा प्रवाह पूर्ण वाढवला आणि वेल्समधील कड्यांवर जे तंत्र अंगवळणी पडले होते त्याच तंत्राने, भेगेत हातापायांची पाचर ठोकत तो वर गेला. समुद्रसपाटीवर ती मध्यम कठीण चढण ठरली असती. साडेआठ हजार मीटरांवर, जड कपड्यांत आणि उपकरणासह, तोवर इतके अवघड प्रस्तरारोहण क्वचितच कुणी केले असेल. तो भेगेच्या माथ्यावर आला तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि समोर आणखी भिंत नव्हती. सुमारे सहा मीटरांवर, त्यांच्यापेक्षा जेमतेम दीड मीटर उंच असा हिमाचा सौम्य उतार होता, तोच माथा. दोघे तेथेच थांबले. दूर पश्चिमेला, खालच्या ढगांच्या वर, मकालू, ल्होत्से आणि एव्हरेस्ट दिसत होते.

परतीची वाट अंधारात संपली. वरच्या तंबूत नॉर्मन हार्डी आणि टोनी स्ट्रेदर ही दुसरी जोडी येऊन थांबली होती, तेव्हा दोघांच्या तंबूत चौघांनी रात्र काढली. चढताना चष्मा काढून ठेवल्यामुळे ब्राउनला हिमांधत्व आले होते, म्हणजे बर्फावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांनी डोळ्यांचा बाह्यपडदा भाजून असह्य वेदना होत होत्या. दुसऱ्या दिवशी हार्डी आणि स्ट्रेदर वर गेले, भेगेपाशी पोहोचले, तिला वळसा घालून कोपऱ्यापलीकडे थोडे पुढे गेले आणि त्यांना तेथे माथ्याकडे सरळ जाणारी हिमाची सोपी वाट सापडली. तेही माथ्याच्या अलीकडेच थांबले.

आजच्या नोंदकर्त्यांच्या कसोट्या अधिक काटेकोर आहेत. मनास्लूवर वर्षानुवर्षे पुष्कळ चढाया माथ्याच्या थोड्या अलीकडच्या उंचवट्यावर संपत आणि त्या यशस्वी धरल्या जात. २०२१ मध्ये ड्रोनने टिपलेल्या छायाचित्राने खरा माथा त्यापुढे असल्याचे ठळकपणे दाखवले, तेव्हा अनेक दावे प्रश्नांकित झाले. दोन्हीकडे अंतर काही मीटरांचेच, तरी एकीकडे ते चालून जाणे राहून गेले होते आणि दुसरीकडे ते मुद्दाम ठेवले होते. ब्राउन आणि बँड यांच्या बाबतीत पुढची वाट मोकळी असल्याचे उघड होते, म्हणूनच त्यांचे श्रेय कुणी कापले नाही.

ही प्रथा पुढेही पाळली गेली. १९७७ साली कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखालील भारतीय लष्कराच्या तुकडीने जर्मनांना न साधलेली ईशान्य धार पूर्ण केली आणि मेजर प्रेम चंद व नाईक नीमा दोर्जे शेर्पा हे माथ्याच्या अलीकडे थांबले. सिक्कीम तोपर्यंत भारतात विलीन होऊन दोन वर्षे झाली होती. २००१ मध्ये सिक्कीम सरकारने पवित्र शिखर म्हणून आपल्या बाजूने कांचनजुंगाची चढाई बंद केली. त्यामुळे आता मोहिमा नेपाळमधूनच जातात. २०१९ च्या मे महिन्यात उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे दहा गिर्यारोहक या शिखरावर पोहोचले, तेही नेपाळच्याच बाजूने. ब्राउनने चढलेली भेग मात्र नंतरच्या बहुसंख्य आरोहकांनी सोडून दिली आहे; त्यांचा दोर हार्डी आणि स्ट्रेदर यांना कोपऱ्यापलीकडे सापडलेल्या हिमवाटेनेच वर जातो.