कोंबडीच्या खाद्याचा हिशेब

डिलाईल रोडला ना. म. जोशी मार्ग हे नाव मिळाले, १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले आणि बी.डी.डी.च्या ३२ चाळींची पुनर्बांधणीही सुरू झाली. कोंबडीच्या दुकानापुढील रविवारची रांग मात्र तशीच आहे. ज्याच्या खिशाला मांस परवडत नाही, तो कलेजी-पेटा घेऊन जातो. अंड्यांचा आजचा भाव येथे शाळकरी पोरही सांगेल. ती कोंबडी काय खाऊन वाढली, हे दुकानदारालाही सांगता येणार नाही.

वस्तुतः कुक्कुटपालनाच्या एकूण खर्चापैकी जवळजवळ दोन तृतीयांश खर्च केवळ खाद्यावर होतो. त्यात निम्म्याहून अधिक मका, सुमारे पाव हिस्सा सोयाबीनची पेंड. उरलेल्यात चुनखडी, डायकॅल्शियम फॉस्फेट, मीठ, क्षार आणि जीवनसत्त्वे. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जातो तो या काटेकोर मिश्रणामुळे व निवडक पैदाशीमुळे. संप्रेरके टोचून कोंबड्या फुगवतात, ही सुशिक्षितांतही रुजलेली समजूत निराधार आहे. चिंतेचे खरे कारण निराळेच आहे आणि त्याची चर्चा क्वचितच होते.

शिसे, कॅडमियम, आर्सेनिक हे धातू खाद्यात शिरतात ते बहुधा त्यातील अल्पांश घटकांतून. फॉस्फेटच्या खडकात कॅडमियम असते; जस्ताच्या हलक्या प्रतीच्या क्षारांत शिसे व कॅडमियम दोन्ही आढळतात; मासळीच्या कुटीतून पारा येतो. युरोपीय संघाने संपूर्ण खाद्यासाठी किलोमागे शिशाची मर्यादा ५ मिलिग्रॅम, आर्सेनिकची २ आणि कॅडमियमची अवघी ०.५ मिलिग्रॅम ठेवली आहे. कॅडमियम साठते यकृतात व मूत्रपिंडात. ब्रॉयलरचे आयुष्य अल्प असल्याने त्यात साठा थोडा होतो. वर्ष-दीड वर्ष अंडी देऊन मग मांसासाठी विकल्या जाणाऱ्या कोंबडीत तो अधिक. अमेरिकेत तर रॉक्सारसोन हे आर्सेनिकयुक्त औषध १९४० च्या दशकापासून राजरोस खाद्यात मिसळले जात होते. २०११ साली कोंबड्यांच्या यकृतांत असेंद्रिय आर्सेनिक आढळले, तेव्हा कोठे त्याची विक्री थांबली. म्हणजे स्वस्त म्हणून गरिबाच्या वाट्याला येणारी कलेजीच येथे जोखमीची ठरते.

बाजारपेठ हा दोष आपोआप दूर करील काय? तशी आशा बाळगण्यास आधार नाही. खाद्यात प्रथिने कमी पडली की आठवड्या-दोन आठवड्यांत पक्ष्याचे वजन घटते. कॅल्शियम उणे झाले की अंड्याचे कवच पातळ होते. ही तूट उत्पादकाच्याच खिशाला लागत असल्याने तो तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतो. धातूंचे तसे नाही. त्यांचा भार कोंबडीच्या वजनात दिसत नाही, खाणाऱ्याच्या जिभेला कळत नाही. कंत्राटी पद्धतीत पिले व खाद्य दोन्ही कंपनीच पुरविते. शेतकऱ्याला संगोपनाचा मोबदला मिळतो, खाद्य निवडण्याचा अधिकार नाही. थैलीवर प्रथिनांचे प्रमाण छापलेले असते, शिशाचे सहसा नसते. विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात अशा मालाच्या बाजारात हलकी प्रत चांगलीला हुसकावते, हे अकरलॉफ यांनी १९७० सालीच दाखवून दिले होते. त्यात कच्चा माल महागला की मोह वाढतो. २०२१ मध्ये पेंडीचे भाव इतके कडाडले की केंद्राला १२ लाख टन सोयापेंडीच्या आयातीस परवानगी द्यावी लागली. पुढे इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली.

शासनाला हस्तक्षेप अशक्य आहे असेही नाही. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा कुक्कुटखाद्यातील वापर केंद्राने जुलै २०१९ मध्ये बंद केला. मात्र या चर्चेतून अंडेच नको, असा निष्कर्ष कोणी काढू नये. सहा ग्रॅम उत्तम प्रथिने इतक्या स्वस्तात देणारे दुसरे अन्न कामगाराच्या घरात सहसा येत नाही. राज्याने शालेय पोषण आहारात २०२३ अखेरीस सुरू केलेल्या साप्ताहिक अंड्याचा निधी २०२५ च्या जानेवारीत काढून घेतला, त्यालाही धातूंचे कारण नव्हते.

तपासणी दुकानोदुकानी करण्याची गरज नाही. ती क्षारमिश्रणाच्या कारखान्यात, घाणागणिक व्हावी. सूक्ष्म क्षारांचे मिश्रण टनभर खाद्यात सुमारे एक किलो पडते. अशा एक टन मिश्रणापासून हजार टन खाद्य होते आणि एका अंड्यामागे सव्वाशे ग्रॅम खाद्य धरले, तर त्यातून ८० लाख अंडी निघतात. एका नमुन्याच्या परीक्षेचा खर्च या ८० लाख अंड्यांवर वाटला, तर अंड्यामागे एक पैसाही पडत नाही.