स्टिरॉइडयुक्त मलमे आणि वैद्याचे कर्तव्य

चैत्राच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांवरून गावी परततात. त्यानंतरचे काही आठवडे धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील आम्हा वैद्यांकडे कंडूच्या रुग्णांची रीघ लागते. उसाच्या फडातील घाम, कोपीतील दाटी, अंघोळीस अपुरे पाणी आणि सामायिक कपडे-अंथरूण, एवढी कारणे दद्रूस पुरेशी होतात. सहवासातून तसेच वस्त्र-शय्येच्या सामायिक वापरातून कुष्ठासारखे रोग संक्रमित होतात, हे सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात सांगून ठेवलेच आहे.

तथापि आज येणारा दद्रू ग्रंथातील वर्णनाशी जुळत नाही. मंडलाची उन्नत कडा लोपलेली, मध्यभाग निवळण्याऐवजी लालसर, जांघेत पांढुरके ताणाचे पट्टे, असे काहीसे चमत्कारिक रूप दिसते. "औषध कोणते चालू आहे?" असे विचारल्यास "काहीच नाही" हेच उत्तर मिळते. "ट्यूब कोणती लावता?" असे विचारताच मात्र खिशातून वा पिशवीतून पिळून चपटी झालेली ट्यूब बाहेर येते. रुग्णाच्या लेखी ट्यूब हे औषधच नसते! तिच्यावरील बारीक अक्षरे वाचली की बहुधा क्लोबेटासोल अथवा बीटामेथासोन आणि जोडीला जंतुनाशक व बुरशीनाशक द्रव्ये आढळतात.

दोष द्रव्याचा नव्हे, योजनेचा

1952 साली सुल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचा त्वचेवरील स्थानिक उपयोग प्रसिद्ध केला आणि त्वचाविकारांच्या चिकित्सेत मोठे परिवर्तन घडले. ही द्रव्ये शोथ, लाली व कंडू वेगाने शमवितात. विचर्चिका, संपर्कजन्य त्वचाशोथ, सोरायसिस अशा शोथप्रधान विकारांत त्यांचा यथायोग्य उपयोग होतो, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु हा शोथ ज्या प्रतिकारातून निर्माण होतो, तो प्रतिकारही या द्रव्यांमुळे मंदावतो. दद्रूमध्ये नेमके हेच घातक ठरते. कंडू थांबते, रुग्ण सुखावतो आणि बुरशी निर्वेधपणे पसरते. अशा रूप पालटलेल्या दद्रूला आइव्ह व मार्क्स यांनी 1968 साली 'टिनिया इन्कॉग्निटो' हे नाव दिले. जो प्रयोग एक व्याधी शमवून दुसरा उत्पन्न करतो तो शुद्ध नव्हे, हा चरकाचार्यांचा निकष येथे तंतोतंत लागू पडतो.

2018 च्या मार्च महिन्यात केंद्र शासनाने अशी 14 स्टिरॉइड द्रव्ये त्वचेवरील वापरासाठीही अनुसूची 'एच'मध्ये घातली. अर्थात ती चिकित्सकाच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. गावोगावी मात्र "खाजेची ट्यूब द्या" एवढे म्हणणे अजूनही पुरते.

मात्रा, स्थान व काल

आपल्यापैकी कोणी ही द्रव्ये लिहून देत असो वा नसो, ती वापरणारा रुग्ण आपल्याकडे येतोच. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक वैद्यास ठाऊक असाव्यात.

बल : हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, बीटामेथासोन व्हॅलरेट व मोमेटासोन तीव्र, तर क्लोबेटासोल अतितीव्र होय. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ आणि आठवड्यास 50 ग्रॅमहून अधिक वापरू नये.

मात्रा : प्रौढाच्या तर्जनीच्या अग्रपर्वावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. बोटांसह दोन तळहातांएवढ्या त्वचेस ती पुरते. स्वांगुलीप्रमाण मानणाऱ्या आपल्या परंपरेस हे माप परके वाटू नये. मलम केवळ विकृत त्वचेवर, दिवसातून एकदा वा दोनदा, पातळ लावावे. विकार शमताच मलमाची वारंवारता कमी करीत न्यावी.

स्थान : सर्व त्वचा सारखी नसते. प्रकोष्ठाच्या तुलनेत वृषणाच्या त्वचेतून हायड्रोकॉर्टिसोन सुमारे 40 पट शोषले जाते, असे 1967 साली फेल्डमन व मेबाख यांनी दाखविले. म्हणून चेहरा, पापण्या, काख, जांघ आणि बालकांची त्वचा येथे तीव्र मलम टाळावे. वर घट्ट पट्टी बांधल्यासही शोषण वाढते. गोरेपणासाठी ही मलमे चेहऱ्यास लावणाऱ्या मुलींना कायमची लाली, मुरुमे, त्वचेची क्षीणता व नको तेथे केस हेच फळ मिळते.

आमची एक चूक

येथे स्वतःची एक चूक नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी सोरायसिसचा एक शेतकरी आमच्याकडे आला. तो कित्येक महिने अंगभर क्लोबेटासोल लावीत होता. आम्ही शास्त्राभिमानाने ती ट्यूब त्याच दिवशी बंद करविली आणि स्नेहपान आरंभिले. दहा-बारा दिवसांतच त्याचे सर्वांग लाल झाले, त्यावर पूयपिटिका उठल्या, ज्वर आला आणि त्यास शासकीय रुग्णालयात दाखल करावे लागले. तो वाचला, पण तो दोष ना ट्यूबचा होता, ना स्नेहाचा. आमच्या घाईचा होता. सोरायसिस वा विचर्चिकेत दीर्घकाळ चाललेले तीव्र मलम एकाएकी तोडू नये. त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने बल व वारंवारता उतरवीत न्यावी आणि त्यासोबत शोधन-शमनाची योजना करावी. दौर्बल्य, भोवळ, रक्तदाब उतरणे ही लक्षणे दिसल्यास अधिवृक्क ग्रंथी मंदावल्याची शंका घेऊन रुग्णास तत्काळ पुढे पाठवावे. दद्रूमध्ये मात्र स्टिरॉइडला स्थानच नाही. ते थांबवावे; पण काही दिवस कंडू व लाली वाढेल, याची पूर्वकल्पना रुग्णास अवश्य द्यावी. अन्यथा तो "वैद्याच्या औषधाने वाढले" म्हणत पुन्हा ट्यूबकडे वळेल.

आपले अंगण

शेवटी थोडे आपल्या अंगणात पाहू. 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मलमांत स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याच्या नोंदी देशोदेशी आहेत. दोन दिवसांत खाज नाहीशी करणारे, घटकद्रव्ये न छापलेले मलम आपल्या कपाटात असेल, तर पहिली शंका आपणच घ्यावी. टाकळ्यास दद्रुघ्न हे नाव देणाऱ्या शास्त्राला उसन्या शक्तीची गरज नाही.

व्यवसायबंधू-भगिनींना आमची विनंती एवढीच आहे, की त्वचेच्या प्रत्येक रुग्णास नाडीपरीक्षेइतक्याच आवर्जून ट्यूबविषयी विचारावे आणि उत्तर रुग्णपत्रिकेत लिहावे. पुढच्या चैत्रात टोळ्या परततील, तेव्हा हा एक प्रश्न अनेकांची त्वचा वाचवील.