पाय थांबले, तरी खेळ थांबत नाही



सायंकाळी शाळेच्या मैदानावर मुले फुटबॉल खेळत असता एका पालकांनी मला विचारले, "गुरुजी, हे पाय थकले की पुढे काय?" प्रश्न रास्त होता. फुटबॉलपटूच्या उमेदीचा काळ फार तर पंधरा-वीस वर्षांचा. पस्तिशीच्या सुमारास चपळाई ओसरू लागते. आयुष्य मात्र अर्धे उरलेले असते. या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या गोमंतकात सापडते.

तेथे भाताची कापणी झाली की त्याच शेतात मुले चेंडू घेऊन उतरतात. अशा प्रदेशातले श्री. आर्मांदो कुलासो तरुणपणी स्वतः खेळले आणि पुढे धेंपो संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली या संघाने २००४-०५ ते २०११-१२ या आठ हंगामांत पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले.

या यशाचे मोल कळण्यासाठी साखळी स्पर्धा म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. बाद पद्धतीत एका दिवसाचे दैवही चषक देऊन जाते. साखळीत प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी एकदा स्वतःच्या व एकदा परक्या मैदानावर खेळतो. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. २००७-०८ साली १० संघ होते. म्हणजे प्रत्येकाला १८ सामने. त्या वर्षी धेंपो व चर्चिल ब्रदर्स यांचे गुण समान झाले आणि गोलांच्या फरकाने धेंपो विजयी ठरला. सामान्य वाटणाऱ्या सामन्यातला एक गोलही वाया जात नाही, तो असा. हे सातत्य टिकविणे, हेच प्रशिक्षकाचे खरे काम होय.

अपयशही त्यांच्या वाट्यास आले. २०११ साली ते भारतीय संघाचे प्रशिक्षक असता विश्वचषकाच्या पात्रता फेरीत संयुक्त अरब अमिरातीकडून आपण पहिला सामना ०-३ असा हरलो. पाचच दिवसांनी दिल्लीत त्याच संघाशी २-२ अशी बरोबरी झाली. फेरी हातची गेली, परंतु धीर सुटला नव्हता. पुढे २०२४ सालच्या द्रोणाचार्य पुरस्काराने त्यांचा जीवनगौरव झाला. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

परंतु गुरूचे खरे पारितोषिक म्हणजे शिष्य. धेंपोच्या मध्यफळीत वर्षानुवर्षे खेळलेले क्लिफर्ड मिरांडा पुढे स्वतः प्रशिक्षक झाले. २०२३ साली ओडिशा संघाची सूत्रे ऐन वेळी हाती येऊनही त्यांनी सुपर कप जिंकून दिला. अंतिम सामन्यात बंगळूर २-१ असे पराभूत झाले.

मात्र चांगला खेळाडू आपोआप चांगला प्रशिक्षक होत नाही. त्यासाठी परवान्यांच्या पायऱ्या आहेत: 'डी', 'सी', 'बी', 'ए' आणि शेवटी 'प्रो'. प्रत्येक पायरीला अभ्यास आणि परीक्षा. जो स्वतः सहज करतो, त्याला ते दुसऱ्यास समजावून सांगता येईलच असे नाही. आम्हां शिक्षकांना हे पुरते ठाऊक आहे.

म्हणून त्या पालकांना मी म्हणालो, "मुलाला खेळू द्या, पण पुस्तकही सुटू देऊ नका. पाय थकतील तेव्हा डोक्यात साठविलेला खेळच त्याला हात देईल."