पिंकर्टनची थट्टा, पुच्चिनीची थट्टा
लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात चेहऱ्याला फासल्या जाणाऱ्या रंगाबद्दल लिहिलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने २०१५ साली ‘ओतेल्लो’च्या नायकाला काळं रंगवणं थांबवलं. व्हेरोनात मात्र २०२२ मध्येही ‘आयदा’ची नायिका आना नेत्रेब्को चेहरा काळवंडून उभी राहिली, आणि त्याचा निषेध म्हणून एंजल ब्लू या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिकेने तिथला आपला ‘ला त्राव्हियाता’ सोडला. माझ्या मते हा प्रश्न सोपा आहे. रंग धुऊन टाकावा, एकही सूर बिघडत नाही. अवघड आहे ते संहितेत आणि सुरांतच मुरलेलं.

पुच्चिनीचं ‘मादामा बटरफ्लाय’ घ्या. फेब्रुवारी १९०४ मध्ये मिलानच्या ला स्कालात ते सपशेल पडलं. फेरफार करून मे महिन्यात ब्रेशाला आणलं तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं. अमेरिकन नौदलातला पिंकर्टन नागासाकीत ९९९ वर्षांच्या कराराने घर घेतो; करार दर महिन्याला मोडायची मुभा. पंधरा वर्षांच्या चिओ-चिओ-सानशी तो लग्नही त्याच अटींवर लावतो. आणि लग्नाच्याच दिवशी, नवरी यायच्या आत, एक दिवस आपण खऱ्या अमेरिकन बायकोशी खरं लग्न करू म्हणून पेला उंचावतो.

ऐकताना संताप येतो. तरीही त्यातलं अक्षर कापू नये. इथे हिणवतो तो पिंकर्टन, आणि ऑपेरा त्याला उघडा पाडतो. त्यानंतर येणारे नवरीचे नातेवाईक मात्र वेगळे. मुलगा देखणा की नाही यावर कलकलाट करणारे, घटस्फोटाची भाकितं करणारे, दारू कुठे मिळेल ते शोधणारा काका. त्यांना कोणी पात्र हसत नाही. हसतो पुच्चिनी, आणि प्रेक्षकालाही हसवतो. रोममधल्या जपानी राजदूताच्या पत्नीकडून त्याने जपानी चाली मिळवल्या होत्या, पण चाली मिळाल्या म्हणून माणसं कळतात असं नाही. प्रयोग बसवताना हा फरक सर्वांत आधी पाहायला हवा: हिणवतंय कोण, पात्र की रचनाकार?

अडचण अशी की त्याच पुच्चिनीने दुसऱ्या अंकाचा शेवट लिहिला. पिंकर्टनचं जहाज बंदरात आलंय. चिओ-चिओ-सान कागदी सरकदाराला तीन भोकं पाडते: वरचं स्वतःसाठी, त्याखाली दासी सुझुकीसाठी, सर्वांत खाली लेकरासाठी. आतून शब्दांविना गुणगुणणारं समूहगान येतं. मूल झोपतं, सुझुकी झोपते. ही ताठ उभी, भोकाला डोळा लावून. एवढं हाती असताना ऑपेरा कायमचा बासनात बांधा, असं म्हणायला माझं मन धजत नाही.

म्हणून वरवरच्या डागडुजीचा मला जास्त राग येतो. टोरंटोत २०१९ मध्ये पुच्चिनीच्याच ‘तुरांदोत’मधल्या पिंग, पांग, पोंग या चिनी मंत्र्यांना जिम, बॉब, बिल अशी नावं दिली. बारशाने काय साधलं? बागडणं तेच, सूर तेच.

बोस्टन लिरिक ऑपेराने निराळी वाट धरली. ‘बटरफ्लाय’चा ठरलेला प्रयोग लांबणीवर टाकून आशियाई वंशाच्या कलाकारांसोबत जाहीर चर्चा घेतल्या, आणि २०२३ मध्ये दिग्दर्शन फिल चॅन यांच्याकडे सोपवलं. त्यांनी कथा १९४०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या नाइटक्लबात नेली, आणि पुढे जपानी-अमेरिकनांना डांबलेल्या छावणीत. संगीत पुच्चिनीचंच राहिलं. ही मांडणी सगळ्यांना पटेलच असं नाही, पण ज्यांची चित्रं काढली गेली त्यांच्या हाती इथे निर्णय होते. पुस्तिकेत क्षमायाचनेचा परिच्छेद छापून ते साधत नाही.

पुढच्या लेखात दलीबचं १८८३ सालचं ‘लाक्मे’: सूडाने पेटलेला ब्राह्मण पुजारी, धोत्र्याचं पान खाऊन मरणारी त्याची मुलगी, आणि पॅरिसमध्ये बसून रेखाटलेले आपण.